पेटीवरचा रंग आणि खरा रंग

विद्यार्थ्यांच्या हस्तकामाचें परीक्षण करण्याचें काम पुष्कळ वर्षें माझ्याकडे आहे. त्या कामांत यंदा माझ्या हातून एक अन्याय घडला. तो येथें नमूद करणें मला अवश्य वाटतें. कारण ज्याच्यावर तो घडला त्या मुलानें एका शब्दानेंहि तक्रार केली नाहीं.

प्लॅस्टिकचे सुटे भाग जोडून विमानें, जहाजें, रेल्वेचीं इंजिनें यांच्या लहान प्रतिकृति तयार करण्याचा छंद आपल्या मुलांतहि शिरला आहे. नववीच्या एका विद्यार्थ्यानें मिग-२१ विमानाची १:७२ प्रमाणाची प्रतिकृति प्रदर्शनांत मांडली होती. खऱ्या विमानाच्या पंखांचा विस्तार सुमारें ७ मीटर. म्हणून हिचा सुमारें १० सेंटिमीटर. जोडकाम सुबक होतें. परंतु हिरवा रंग पेटीवरील चित्राहून फिका व किंचित् मातकट होता. मीं चित्र शेजारीं धरलें, ‘रंग जुळत नाहीं’ असा शेरा मारला व गुण कापले. मुलगा म्हणाला, “सर, मीं तो मुद्दाम तसा केला आहे.” मी घाईंत होतों. “मुद्दाम चुकलें तरी तें चुकलेंच,” असें बोलून पुढच्या मेजाकडे वळलों. घरीं गेल्यावर मात्र तें वाक्य मला स्वस्थ बसूं देईना.

पेटींतील सूचनापत्रावर प्रत्येक भागासाठीं रंगाचा एक क्रमांक छापलेला असतो, आणि आपण तो सीनाय पर्वतावरून उतरलेली आज्ञा समजून पाळतों. वस्तुतः तो बहुधा एखाद्या कारखान्याच्या बाटलीचा क्रमांक असतो. हंब्रोलचे क्रमांक निराळे, तामियाचे निराळे. आणि एकाच नांवाच्या दोन कारखान्यांच्या बाटल्या घेऊन पट्ट्या ओढल्या तर त्या सहसा तंतोतंत जुळत नाहींत. याहून भरंवशाच्या म्हणजे प्रमाणित रंगमालिका. अमेरिकेच्या ‘फेडरल स्टँडर्ड ५९५’ या मालिकेंत रंगाचा क्रमांक पांच आंकडी असे व पहिला आंकडा चकाकी सांगे: १ म्हणजे चकचकीत, २ म्हणजे मध्यम, ३ म्हणजे निस्तेज. आपल्या देशांत भारतीय मानक क्रमांक ५ ही अशीच मालिका आहे. परंतु मालिका कितीहि चोख असली तरी विमान रंगविणारानें ती पाळली होती काय, हा प्रश्न उरतोच.

आणि मिगच्या बाबतींत तो प्रश्न फार महत्त्वाचा आहे. हीं विमानें १९६३ सालीं आपल्या वायुदलांत आलीं, पुढें नाशिकजवळ ओझर येथील हिंदुस्थान एरोनॉटिक्सच्या कारखान्यांत तयार होऊं लागलीं, आणि २६ सप्टेंबर २०२५ रोजीं चंदीगड येथें त्यांना निरोप देण्यांत आला. आरंभीं त्यांच्या अंगावर रंग नसून धातूचीच रुपेरी झांक होती. १९७१ च्या युद्धाच्या वेळीं तीं शत्रूच्या दृष्टीस पडूं नयेत म्हणून विमानतळांवरच हिरव्या व मातकट रंगांनीं घाईघाईनें रंगविण्यांत आलीं. जेथें जो रंग हाताशीं होता तो तेथें लागला. म्हणून दोन विमानांचे हिरवे रंग परस्परांशीं जुळत नव्हते. जें विमान आपल्या शेजारच्या विमानाशींच जुळत नाहीं, तें पेटीवरच्या चित्राशीं जुळलें पाहिजे असा हट्ट मीं धरला होता!

रंग विचारण्यापूर्वीं साल विचारावें, हें मला तेव्हां उमगलें. दख्खनच्या राणीचेंच पाहा. १ जून १९३० रोजीं ती गाडी सुरूं झाली तेव्हां तिच्या डब्यांचे दोन संच होते. एक रुपेरी व त्यावर लाल पट्ट्या, दुसरा गडद निळा व त्यावर सोनेरी रेघा. ‘खरा’ कोणता? दोन्ही. आपल्या नंदुरबारांत ९ सप्टेंबर १९४२ रोजीं शिरीषकुमार व त्याचे सोबती ध्वज घेऊन निघाले, त्या मिरवणुकीचा देखावा मुलें करतात व ध्वजावर निळें अशोकचक्र काढतात. चक्र १९४७ सालीं आलें; १९४२ सालच्या राष्ट्रीय सभेच्या ध्वजावर चरखा होता. उलटपक्षीं आजचा राष्ट्रध्वज रंगवितांना मात्र अंदाजास जागा नाहीं. त्याचे रंग भारतीय मानक क्रमांक १ यानें ठरवून दिलेले आहेत. (शास्त्रांतील योसेफाचा झगा चित्रकार नाना रंगांनीं रंगवितात; मूळ इब्री शब्दाचा अर्थ रंगीबेरंगी कीं लांब बाह्यांचा, याविषयीं पंडितांचें अद्याप एकमत नाहीं. आमच्या रविवारच्या वर्गांतील चित्रांनाहि मीं कधीं हा प्रश्न विचारला नव्हता.)

आतां फिकेपणाविषयीं. १:७२ ची प्रतिकृति एका फुटावरून पाहणें म्हणजे खरें विमान ७२ फुटांवरून पाहणें होय. मधल्या हवेनें रंग फिका दिसतो, म्हणून प्रतिकृतीचा रंग फिका करावा, असें पुष्कळ छंदी लोक सांगतात. मला हें कारण तितकेंसें पटत नाहीं. सातपुड्याचें हिरवें रान आपल्या गांवाहून निळें दिसतें खरें, पण त्यासाठीं मध्यें कित्येक कोसांची हवा लागते. ७२ फुटांत ती काय करणार? मला दिसतें तें असें: खरें विमान उन्हांत उभें असतें व उन्हानेंच विटतें; प्रतिकृति कपाटाच्या सावलींत असते. तेथें मूळचा गडद रंग काळवंडतो. म्हणून तो उजळणें योग्यच.

तसेंच रंग जुळवावयाचा तो दिवसाच्या उजेडांत. मिरचीच्या पथारीवर उभा राहून माल पारखणारा व्यापारी दिव्याची वाट पाहत नाहीं. नळीच्या दिव्याखालीं जुळलेले दोन हिरवे रंग सकाळीं अंगणांत नेले तर फारकत घेतात, हें मीं स्वतः करून पाहिलें.

पालकांनाहि एक विनंति आहे. या छंदासाठीं परदेशी बाटल्यांचा संच मागवावाच लागतो असें नाहीं. कागदाच्या दुकानांत मिळणारे साधे ॲक्रिलिक रंग बहुतेक कामास पुरतात. मात्र प्लॅस्टिक आधीं साबणाच्या पाण्यानें धुवून, वाळवून त्यावर अस्तराचा पातळ हात द्यावा, नाहींतर रंग सुटतो. हिरवा रंग मंद करावयाचा तर काळ्याऐवजीं लालाचा थेंब घालावा. हा रंग वाळल्यावर गडद होतो, म्हणून पांढऱ्या प्लॅस्टिकच्या चमच्यावर पट्टी ओढून ती वाळूं द्यावी व मगच निर्णय करावा. पैसा वाचतो हें खरेंच, पण त्याहून मोठी गोष्ट अशी कीं मुलगा डोळा वापरतो. आयत्या बाटलीनें क्रमांक वाचतां येतो, तेवढेंच.

दुसऱ्या आठवड्यांत मीं त्या मुलास बोलावून घेतलें व विचारलें, “अरे, तूं मुद्दाम तसा केलास म्हणजे कसा?” त्यानें दप्तरांतून एक वही काढली. तींत हिरव्या रंगाच्या अकरा पट्ट्या होत्या. प्रत्येकीखालीं किती थेंब पिवळा, किती लाल, किती पांढरा तें लिहिलेलें, आणि नवव्या पट्टीभोंवतीं पेन्सिलीचें वर्तुळ. ती वही प्रदर्शनांत प्रतिकृतीशेजारीं ठेवावी असें त्याला वाटलें होतें. पण मेजावर केवळ वस्तूच मांडावी असा आमचा नियम होता.

तो नियम बदलावा अशी सूचना मीं शिक्षकांच्या सभेपुढें ठेवली आहे. प्रत्येक प्रतिकृतीखालीं चार ओळींची चिठ्ठी असावी: वस्तु कोणत्या सालची, पुरावा कोणता पाहिला, रंग कसे मिसळले, आणि कोठें अंदाज केला. गुणांचा मोठा वांटा त्या चिठ्ठीस असावा. मुलाचें गुणपत्रक मीं दुरुस्त करून घेतलें आहे. वही तूर्त माझ्याच मेजावर आहे; पुढच्या वर्षाच्या परीक्षकांना दाखविण्यासाठीं मीं ती त्याच्याकडून मागून घेतली आहे.