सगळ्यात कमी रेट लावलात, पण माल बनवतंय कोण? सैनिकांच्या हेल्मेटची गोष्ट



सरकारी टेंडरवर व्हिडिओ केला की खाली एक प्रश्न हमखास येतो: "सर, एल-१ कसं व्हायचं?" म्हणजे सगळ्यात कमी रेट लावून ऑर्डर कशी मिळवायची. प्रश्न बरोबर आहे, रेट बसला नाही तर ऑर्डर मिळणार नाही. पण त्याआधी विचारायचा एक प्रश्न जवळपास कुणीच विचारत नाही. तो रेट बसवण्यासाठी माल कोण बनवणार आहे, आणि माल खराब निघाला तर "थांबा" म्हणायची त्याची ताकद आहे का?

हे समजायला आज अमेरिकेत जाऊ. जगातला सगळ्यात मोठा लष्करी खर्च त्यांचा, आणि चौकशीचे बरेच अहवाल ते जाहीर करतात. त्यामुळे कुठे काय चुकलं ते आपल्याला बसल्या जागी वाचता येतं.

तुरुंगातला कारखाना

अमेरिकेत 'फेडरल प्रिझन इंडस्ट्रीज' नावाची सरकारी कंपनी आहे. व्यापारी नाव 'युनिकॉर'. १९३४ साली ती सुरू झाली. केंद्रीय तुरुंगांतले कैदी तिथे काम करतात: गणवेश शिवतात, फर्निचर बनवतात, केबल जोडतात. लष्कर हे त्यांचं मोठं गिऱ्हाईक. मजुरी तासाला २३ सेंट ते १ डॉलर १५ सेंट. बाहेरच्या कामगाराला कायद्याने तासाला किमान ७ डॉलर २५ सेंट द्यावे लागतात. फरक बघा!

तुम्ही म्हणाल, एवढी स्वस्त मजुरी म्हणजे मार्जिनच मार्जिन. आता पुढचं वाचा.

आर्मरसोर्स नावाच्या कंपनीला २००६ मध्ये लष्कराच्या हेल्मेटचं कंत्राट मिळालं. गोळीचे तुकडे अडवणारं, सैनिक लढाईत डोक्यावर घालतो ते हेल्मेट. कंपनीने बनवण्याचं काम पोटकंत्राटाने युनिकॉरला दिलं आणि टेक्सासमधल्या बोमाँट तुरुंगात उत्पादन सुरू झालं. तिथल्या दोन माजी कर्मचाऱ्यांनी कोर्टात दावा लावला, चौकशी झाली आणि २०१६ मध्ये न्याय खात्याच्या महानिरीक्षकांचा अहवाल जाहीर झाला.

अहवालात काय निघालं? हेल्मेटचा आकार बिघडलेला, भोकं चुकीच्या जागी, रंग धरत नाही, आतलं संरक्षक कापड उघडं पडलेलं. काही ठिकाणी अनुक्रमांक बदललेले. तपासणीला कुठली हेल्मेटं द्यायची ती आधीच निवडून ठेवलेली. आणि कळस म्हणजे काही लॉट प्रत्यक्ष न बघताच "तपासले" म्हणून फॅक्स किंवा ईमेलने कागद पाठवलेले.

हिशोब असा झाला: १,२६,०५२ हेल्मेटं परत मागवली. सरकारचं नुकसान १ कोटी ९० लाख डॉलरच्या वर. आर्मरसोर्सने ३० लाख डॉलर भरून तडजोड केली. या हेल्मेटमुळे कुणी सैनिक दगावल्याचं चौकशीत पुढे आलं नाही, हे नशीब. पण नशिबावर धंदा चालवायचा नसतो.

खरी गोम कुठे आहे

"कैद्यांनी बनवलं म्हणून खराब" असा सोपा निष्कर्ष काढू नका. माणूस कैदी आहे म्हणून त्याचा हात वाईट होत नाही. आपल्या येरवडा कारागृहातही कैदी सुतारकाम करतात, कापड विणतात, आणि त्या वस्तू लोक विकत घेतात. शिक्षा भोगून बाहेर आल्यावर हातात कसब असावं, हा विचार चांगलाच आहे.

माझं मत वेगळ्या मुद्द्यावर आहे. क्वालिटी मशीनमुळे येते, ट्रेनिंगमुळे येते, पण शेवटी ती टिकते "साहेब, हा पीस पास करू नका" असं बोलू शकणाऱ्या माणसामुळे. तासाला २३ सेंटवर काम करणारा कैदी काम सोडून जाऊ शकत नाही, युनियन करू शकत नाही, सुपरवायझरशी वाद घालणं त्याला परवडत नाही. दावा लावणारे कर्मचारी होते, कैदी नव्हते, हे लक्षात घ्या. जिथे मजूर गप्प आणि तपासणी कागदावर, तिथे खराब माल अडवायला कुणी उरत नाही. म्हणून ज्या वस्तूवर कुणाचा जीव अवलंबून आहे, ती अशा ठिकाणी फक्त स्वस्त पडते म्हणून बनवून घेऊ नये, असं मी स्पष्ट म्हणतो.

दुसरा फटका बसतो तुमच्या-माझ्यासारख्या छोट्या उद्योजकाला. २०१२ मध्ये अलाबामातल्या गणवेश शिवणाऱ्या खासगी कारखानदारांनी उघड तक्रार केली होती की युनिकॉरमुळे ऑर्डरी जातात आणि कामगार कमी करावे लागतात. आपण पूर्ण पगार द्यायचा, वीजबिल भरायचं, बँकेचा हप्ता भरायचा, आणि समोर स्पर्धेला पगारच नाही! ही तक्रार मला रास्त वाटते.

मग परदेशातून आणायचं का?

स्वस्त मालाचा दुसरा रस्ता हा. सैन्याचे कपडे देशातच बनले पाहिजेत असा नियम अमेरिकेत १९४१ पासून आहे, त्याला 'बेरी अमेंडमेंट' म्हणतात. तरी २००१ मध्ये काय झालं बघा. १४ जूनपर्यंत सगळ्या सैनिकांच्या डोक्यावर काळी बेरे टोपी हवी, असं लष्करप्रमुखांनी ठरवलं. अशी टोपी बनवणारा देशातला एकच कारखाना, अर्कान्सामध्ये. एवढ्या वेळात एवढा माल त्याच्याने होईना. मग नियमाला सूट देऊन परदेशात ऑर्डरी गेल्या आणि बऱ्याच टोप्या निघाल्या चीनमध्ये बनलेल्या. त्याच एप्रिलमध्ये दोन्ही देशांत विमानांच्या टकरीवरून तणाव झालेला. लोक भडकले, आणि सुमारे ६ लाख चिनी टोप्या सैनिकांनी घालायच्या नाहीत असा आदेश निघाला. घाईची तारीख आणि एकच सप्लायर, दोन्ही एकत्र आले की असंच होतं.

टोपीत निदान जीवाला धोका नव्हता. २०१९ मध्ये न्यूयॉर्कच्या एका घाऊक व्यापाऱ्याने कोर्टात गुन्हा कबूल केला. चीनमधून बनवून आणलेला नकली माल तो अस्सल म्हणून लष्करापर्यंत पोचवत होता. त्यात अफगाणिस्तानातल्या हवाई दलाच्या लोकांसाठी घेतलेली जॅकेटं होती. रात्रीच्या दुर्बिणीत माणूस सहज दिसू नये असा गुण अस्सल कापडात असतो, तो या कापडात नव्हता.

"सर, हे अमेरिकेचं झालं..."

आपल्याकडे बघा. 'धनुष' तोफेसाठी जर्मन बनावटीचे म्हणून चिनी बेअरिंग पुरवल्याच्या आरोपावरून सीबीआयने २०१७ मध्ये दिल्लीच्या एका पुरवठादारावर गुन्हा नोंदवला. म्हणजे हा प्रश्न आपल्या दारातलाच आहे.

तुमच्यापैकी अनेकांचा प्लॅन मला माहीत आहे: बाहेरून माल आणायचा, आपलं लेबल लावायचं, जेम पोर्टलवर टाकायचा. ट्रेडिंग करायला ना नाही. पण जेमवर २०२० पासून मूळ देश सांगणं बंधनकारक आहे, आणि 'मेक इन इंडिया'च्या खरेदी धोरणात देशी घटकांची टक्केवारी खोटी सांगितली तर दोन वर्षांपर्यंत काळ्या यादीत जाल. नव्या उद्योजकासाठी दोन वर्षं म्हणजे दुकानाचं शटरच!

रेट भरण्याआधी हे पाच प्रश्न कागदावर लिहा

१. माल नेमका कुठल्या जागेत बनतो? ती जागा मी स्वतः पाहिली आहे का?

२. माझा व्हेंडर पुढे दुसऱ्या कुणाला काम देतो का? करारात त्यावर अट आहे का?

३. तिथल्या कामगाराला किमान वेतन मिळतं का? मिळत नसेल, तर माझा रेट कुणाच्या खिशातून बसतोय?

४. तपासणी कोण करतं? सॅम्पल निवडतो कोण, मी की बनवणारा? सॅम्पल कायम आपण निवडायचा.

५. हा सप्लायर उद्या बंद पडला तर दुसरा कोण?

पाचातल्या दोन प्रश्नांची उत्तरं नसतील, तर ते टेंडर सोडा. पुढचं येईल. एमएसएमईसाठी केंद्राच्या खरेदीत २५ टक्के वाटा राखलेला आहे, संधी संपत नाहीत.

एक गोष्ट पक्की धरा. आर्मरसोर्सने हेल्मेट स्वतःच्या हाताने बनवलं नव्हतं, तरी भरपाई त्यांना भरावी लागली. कारण करारावर नाव त्यांचं होतं. तुमच्या करारावर नाव तुमचं असेल.

तुमचा माल कुणाकडून बनवून घेता आणि या पाचपैकी कुठल्या प्रश्नावर अडता, ते कमेंटमध्ये लिहा. पुढच्या व्हिडिओत व्हेंडर करारातल्या अटी ओळीने बघू. तोपर्यंत धंदा करा, आणि सरळ करा!