नाडीखालची जखम

मे महिन्यात भर दुपारी न्हावा शेव्याच्या कंटेनर यार्डात उभे राहून पाहावे. खाली काँक्रीट, दोन्ही बाजूंना तापलेले लोखंडी कंटेनर, आणि त्यांच्या मधल्या गल्लीत लॅशिंगचे कामगार. पलीकडे उरणच्या मिठागरांत आणि होड्यांवर तेच ऊन. त्वचेच्या कॅन्सरचा विषय निघाला की इथल्या माणसाला आधी हे ऊन आठवते आणि मागोमाग सनस्क्रीनची ट्यूब.

ही भीती निराधार नाही. मेलॅनोमा (रंगपेशींचा कॅन्सर) वगळता त्वचेच्या इतर कॅन्सरने होणाऱ्या दर तीन मृत्यूंपैकी जवळपास एक उन्हातल्या कामामुळे होतो, असा अंदाज जागतिक आरोग्य संघटना व आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने २०२३ मध्ये मांडला. पण हा हिशेब साऱ्या जगाचा आहे. आपल्या सावळ्या कातडीतले मेलॅनिन अतिनील किरणे बरीचशी अडवते. भारतातल्या एकूण कॅन्सरमध्ये त्वचेचा वाटा एक-दोन टक्क्यांच्या आतबाहेर राहतो. शिवाय आपल्याकडे नेहमी आढळणारा स्क्वॅमस सेल कॅन्सर, म्हणजे कातडीच्या वरच्या थरातल्या पेशींचा, पुष्कळदा झाकलेल्या जागी उगवतो: भाजल्याच्या जुन्या व्रणावर, वर्षानुवर्षे वाहणाऱ्या जखमेवर, कमरेवर.

कमरेची नोंद तर मुंबईतलीच आहे. टाटा स्मारक रुग्णालयाचे विकृतिशास्त्रज्ञ डॉ. वसंत रामजी खानोलकर आणि सूर्याबाई यांनी १९४५ मध्ये धोतराच्या गाठीखाली कमरेवर होणाऱ्या ‘धोती कॅन्सर’चे वर्णन छापले. पुढे साडीचेही नाव त्याला जोडले गेले. २०२४ मध्ये वर्ध्याच्या डॉक्टरांनी सहभाग घेतलेल्या एका लेखात साठी ओलांडलेल्या एका बाईची हकीकत आली. चाळीस वर्षे परकराशिवाय लुगडे, तेही कमरेला आवळून. तिथली जखम दोन वर्षे भरली नव्हती आणि रोग जांघेतल्या लसिकागाठीपर्यंत गेला होता. एकाच जागी घासून कातडी काळवंडते, घामाने चिघळते, खपली धरते, पुन्हा सोलते. या न संपणाऱ्या डागडुजीत कधीतरी पेशींची वाढ बिघडते.

मग गावोगाव सगळ्यांची त्वचा तपासावी का? बाजूने बोलायचे तर या रोगाला यंत्र लागत नाही, तो डोळ्यांना दिसतो. विरुद्ध बाजूही हलकी नाही: रोग विरळा, त्वचारोगतज्ज्ञ मोजके, आणि शंभर निरुपद्रवी डागांमागे शंभर घाबरलेली घरे. आमच्या मते वेगळ्या शिबिराची गरज नाही. तिशीपुढच्यांची तोंड, स्तन आणि गर्भाशयमुखाची तपासणी सरकारी कार्यक्रमात होतेच. त्यात ‘न भरणारी जखम आहे का?’ एवढी भर पुरे. कमर दाखवायला बाई पुरुष डॉक्टरपुढे संकोचते, आशाताईंपुढे तितकी नाही.

सनस्क्रीनला आमचा विरोध नाही. रंगद्रव्य नसलेल्या, म्हणजे आल्बिनिझम असलेल्या माणसाला ते हवेच. कंत्राटी कामगाराला मात्र ट्यूबपेक्षा सावलीचा मांडव, पूर्ण बाह्यांचा सुती सदरा, पाणी आणि दुपारची सुटी अधिक कामाची. उष्माघातही त्यानेच टळेल. हा खर्च कंत्राटदाराने उचलावा. आणि लुगडे सोडा असे सांगणारा डॉक्टर कोळीवाड्यात टिकणार नाही, तशी गरजही नाही. गाठ सैल करावी, तिची जागा बदलत राहावी, परकराला बारीक नाडीऐवजी रुंद पट्टी लावावी.

उपचाराची खरी अडचण उशिराची. जागा बधिर करून छोटासा तुकडा तपासला की निदान होते; हत्यार लागले की कॅन्सर पसरतो, हा समज खोटा. वेळेत आलेल्याची जखम सभोवतालच्या थोड्या निरोगी कातडीसह कापली की बहुधा भागते. रोग लसिकागाठींत उतरल्यावर मात्र मोठी शस्त्रक्रिया आणि रेडिएशन. टाटा स्मारक केंद्राचे अ‍ॅक्ट्रेक जवळच खारघरला आहे आणि महात्मा फुले जन आरोग्य योजनेत कॅन्सरचे उपचार येतात.

तेव्हा कमरेवरची, पायावरची किंवा जुन्या भाजल्यावरची जखम महिनाभर मलम लावूनही भरली नसेल, कडा जाड झाल्या असतील किंवा हात लागताच रक्त येत असेल, तर दुसरे मलम आणू नका. उरणच्या नाहीतर पनवेलच्या सरकारी दवाखान्यात जाऊन दाखवा.