भाऊ की आप्पा, एवढाच इतिहास?

विधानसभेची निवडणूक जवळ आली की आमच्या धरणगावकडच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक चित्र फिरू लागतं. वर ‘जळगाव ग्रामीणचा इतिहास’ असं ठळक अक्षरात, आणि खाली मोजून चार ओळी. २००९ गुलाबराव देवकर. २०१४ गुलाबराव पाटील. २०१९ गुलाबराव पाटील. २०२४ गुलाबराव पाटील. चार निवडणुका, दोन गुलाबराव. बाहेरच्याला गंमत वाटते, आम्हाला सवय आहे. गावात नुसतं ‘भाऊ’ म्हटलं की पाटील आणि ‘आप्पा’ म्हटलं की देवकर. आडनावाची गरज पडत नाही.

माझा राग या चित्रावर आहे. त्यातली माहिती खोटी नाही, पण तो इतिहास नव्हे, कुस्तीचा निकाल आहे. फडात कोण चीत झाला हे त्यात कळतं. ज्यांनी तिकीट काढून फड भरवला त्यांच्या पदरात काय पडलं, हे त्यात कुठेच येत नाही. आणि आपण तरुण मंडळी, जी फोनवर चोवीस तास सगळ्या गोष्टींचे आकडे चिवडत बसतो, तीही हे चित्र पुढे ढकलून मोकळी होते.

आधी नावापासून सुरुवात करू. जळगाव ग्रामीण हा मतदारसंघ २००८ च्या पुनर्रचनेतून निघाला आणि २००९ ला पहिल्यांदा त्यात मतदान झालं. धरणगाव तालुका आणि जळगाव तालुक्यातला शहराबाहेरचा भाग असा तो जोडलेला आहे. त्याआधी धरणगाव एरंडोल मतदारसंघात होतं, आणि तिथून १९९९ आणि २००४ ला गुलाबराव पाटीलच शिवसेनेकडून निवडून गेले होते. म्हणजे आधी आम्ही एरंडोलचे, मग जळगावचे ग्रामीण. सतराव्या शतकात इंग्रजांनी जिथे वखार घातली, १८२५ नंतर आउट्रॅमने जिथे भिल्ल पलटणीचं ठाणं केलं, जिथे बालकवी जन्मले, जिथे नगरपालिका आहे, ते गाव विधानसभेच्या यादीत दुसऱ्या शहराची उरलेली बाजू म्हणून नोंदलं जातं. कुणी म्हणेल, नावात काय आहे. नावात हे आहे की मतदारसंघ ‘ग्रामीण’ म्हटला की चर्चा शेतरस्ते, सभामंडप आणि गावपाड्यांच्या योजनांभोवती फिरते, आणि त्यात एक अख्खं नगरपालिकेचं गाव कोणाच्याच खात्यात नीट बसत नाही. असो.

आता मताधिक्य बघा. २००९ ला देवकर राष्ट्रवादीकडून जिंकले, ते पाच हजारांहून कमी मतांनी. २०१४ ला पाटलांनी त्यांना ३१ हजारांवर मतांनी पाडलं. २०१९ ला पाटलांची आघाडी ४६ हजारांच्या पुढे गेली. २०२४ ला ५९ हजारांच्या. असा चढता आलेख कुठल्याही पुढाऱ्याला हवा असतो आणि समर्थक तो बॅनरवर छापतातही.

माझं पोट सॉफ्टवेअरवर चालतं. असा सुंदर चढता आलेख दिसला की मीटिंगमध्ये सगळे खूश होतात. पण रात्री-अपरात्री ज्याने सर्व्हर सांभाळलेत त्याला एक गोष्ट ठाऊक असते. तक्रारी शून्यावर आल्या म्हणजे दर वेळी सिस्टीम सुधारलेली असतेच असं नाही. कधी कधी तक्रार नोंदवणारा भागच बंद पडलेला असतो. आमच्या मतदारसंघाच्या आलेखाकडे मी त्या नजरेने बघतो. मताधिक्य वाढत गेलं त्याच काळात मतदारापुढची निवड आकसत गेली.

कशी, ते सांगतो. २०१४ ला राज्यात युतीही तुटली होती आणि आघाडीही. चार मोठे पक्ष चार दिशांना, म्हणून मतदाराला खरंच चार वाटा होत्या. २०१९ ला युती पुन्हा झाली. घरकुल खटल्याचा निकाल त्याच वर्षी ऑगस्टमध्ये लागला आणि देवकर रिंगणात नव्हते. पाटलांसमोर दोन नंबरला कोण आलं? चंद्रशेखर अत्तरदे, म्हणजे मित्रपक्ष भाजपचेच बंडखोर. सत्तेच्या विरोधात मत द्यायचं तर तेही सत्तेच्याच घरातल्या रुसलेल्या माणसाला. ५९ हजारांवर लोकांनी ते दिलं.

आणि त्या २०१९ च्या मताचा पुढचा प्रवास तर नीट आठवून बघा. ऑक्टोबरमध्ये आम्ही मत दिलं ते शिवसेना-भाजप युतीला. डिसेंबरमध्ये आमचा आमदार ज्यांच्याविरुद्ध प्रचार केला त्या काँग्रेस-राष्ट्रवादीसोबत मंत्री झाला, खातं पाणीपुरवठा आणि स्वच्छता. जून २०२२ ला तोच आमदार गुवाहाटीला गेला आणि परत आला तेव्हा मुख्यमंत्री बदलले होते, मित्र बदलले होते, खातं तेच. एका मतावर दोन उलट्या सरकारांत मंत्रिपद. पक्षांतरबंदी कायदा होता, अध्यक्षांपुढे सुनावणी झाली, जानेवारी २०२४ मध्ये निकालही आला आणि कोणाचीही आमदारकी गेली नाही. मतदाराला मधल्या काळात कोणी विचारलं? ग्रुपवरच्या चित्रात मात्र २०१९ ची ओळ एकच आहे, एका पक्षाच्या नावाची.

२०२४ ची गोष्ट याहून लागते मला. या वेळी देवकर शरद पवारांच्या राष्ट्रवादीकडून उभे होते. म्हणजे पुन्हा भाऊ विरुद्ध आप्पा, पुन्हा जुनी लढत, ‘गद्दारी’ आणि ‘खोके’ हे शब्द गल्लीबोळात. २० नोव्हेंबरला मतदान, बुधवारचा दिवस. पुण्याहून आम्ही काही जण आदल्या रात्रीच्या ट्रॅव्हल्सने मतदानाला आलो होतो. आमच्या बसमध्ये दोन्ही बाजूंची पोरं होती आणि चाळीसगाव येईपर्यंत वाद संपला नव्हता. निकालात देवकरांना ८४ हजारांच्या आसपास मतं पडली. हरले, पण ८४ हजार ही लहान संख्या नाही. २००९ ला जिंकताना त्यांना याहून कमी मतं होती. सहा महिनेही झाले नाहीत आणि मे २०२५ मध्ये आप्पा अजित पवारांच्या पक्षात गेले. म्हणजे भाऊ ज्या सरकारात मंत्री, त्याच सरकारच्या एका पक्षात. कायद्याने यात काही चूक नाही. हरलेल्या उमेदवाराला कुठलाच कायदा बांधत नाही. पण त्या ८४ हजार लोकांनी जो विरोध पेटीत टाकला होता, तो आता विधानसभेत तर नाहीच, गावातही कोणाकडे ठेवलेला नाही. बसमध्ये भांडणाऱ्या त्या दोघांनी नेमकं कशावरून भांडण केलं, हे त्यांनाही आता सांगता येणार नाही.

एक सबब मला आधीच मोडीत काढायची आहे. ‘आपल्या भागाला मंत्रिपद मिळालं असतं तर विकास झाला असता’, हे वाक्य महाराष्ट्रातल्या कितीतरी तालुक्यांत ऐकू येतं. आमच्याकडे ते म्हणायची सोय नाही. देवकर राज्यमंत्री होते. पाटील २०१६ पासून राज्यमंत्री आणि २०१९ च्या डिसेंबरपासून कॅबिनेट मंत्री. मंत्र्याच्या गाडीचा सायरन या मतदारसंघाने जितका ऐकला तितका थोड्यांनी ऐकला असेल. उत्तरेला तापी वाहते, पूर्वेला गिरणा. तापीवरच्या पाडळसे धरणाचा मूळ खर्च दीडशे कोटींच्या आत धरलेला होता. २०२३ मधली सुधारित मान्यता ४,८०० कोटींच्या पुढची आहे. धरणाला मान्यता मिळाली त्या सुमारास जन्मलेली पोरं आज माझ्याबरोबर कंपनीत बसून कोड लिहितात. गिरणेवरच्या सात बलून बंधाऱ्यांचं आश्वासन प्रत्येक प्रचारात नव्याने फुगतं. हे प्रकल्प एका आमदाराच्या हातातले नाहीत, मान्य. पण मग निवडणुकीत ते एका आमदाराच्या नावावर विकू तरी नका.

पुण्या-मुंबईतल्या काही शहाण्यांना या सगळ्यावर एकच उत्तर सुचतं, ते म्हणजे पानटपरी. गुलाबराव पाटलांची पाळधीला पानटपरी होती, ते स्वतःच अभिमानाने सांगतात, आणि विरोधकांनी त्यावरून त्यांना हिणवून घेतलं. हा माज मला मतदारसंघाच्या सगळ्या दुखण्यांपेक्षा जास्त झोंबतो. टपरीवरून मंत्रालयात पोचलेला माणूस ही या लोकशाहीने केलेली मोजकी धड कामं आहेत, त्यातली एक आहे. लोक भाऊला मत का देतात, हे समजायला टपरीवरच थांबावं लागतं. लग्नाला येतो, दहाव्याला येतो, दवाखान्यात फोन करतो, अहिराणीत बोलतो, रागावला तर तोंडावर रागावतो. २०२४ ला लाडकी बहीणचे १,५०० रुपये घरात आले होते, तेही मोजा. रात्री दोनला बाप सिव्हिलमध्ये असताना जो फोन उचलतो त्याला मत देणं हा अडाणीपणा नव्हे. तो हिशेब आहे, आणि त्या घराच्या जागेवरून बघितलं तर चोख हिशेब आहे.

माझं भांडण वेगळ्याच गोष्टीशी आहे. दवाखान्याचा फोन, नळाचं पाणी, गटार, दिव्याचा खांब, हे सगळं एकाच माणसाकडे का जावं लागतं? ‘पाणीपुरवठा मंत्र्याच्या मतदारसंघातच पाणीटंचाई’ हा मथळा तुम्ही वाचला असेल. चटकदार आहे, शेअर करायला बरा आहे, पण अर्धवट आहे. गावात पाणी कोणत्या गल्लीला कोणत्या दिवशी सोडायचं हे मंत्री ठरवत नाही, नगरपालिका ठरवते. आणि नगरपालिकेत कोण होतं? मुदत संपल्यावर प्रशासक. ओबीसी आरक्षण आणि प्रभागरचनेच्या खटल्यांत राज्यभरच्या स्थानिक निवडणुका अडकल्या. जळगाव जिल्हा परिषदही मार्च २०२२ पासून लोकप्रतिनिधींविना. सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये कान उपटल्यावर कुठे डिसेंबरमध्ये नगरपालिकांसाठी मतदान झालं.

मधली ती जवळजवळ चार वर्षं आमच्या निवडणूक इतिहासातला सगळ्यात मोठा प्रसंग आहे, आणि त्यासाठी चित्रात ओळच नाही, कारण काही घडलंच नाही. कोणी हरलं नाही, कोणी गुलाल उधळला नाही. नगरसेवक नाही, जिल्हा परिषद सदस्य नाही, पंचायत समिती नाही. लोकांनी जायचं कुठे? भाऊकडे. मग भाऊचं मताधिक्य वाढणार नाही तर काय होणार? ज्या सरकारांनी या निवडणुका लांबू दिल्या त्यांत दोन्ही बाजूंचे लोक आले-गेले, आणि एकाही बाजूने त्यासाठी धरणगावात कधी रस्ता अडवल्याचं मी पाहिलं नाही.

२००४ साली धरणगावात जन्मलेला मुलगा घ्या. २०२२ ला अठरा वर्षांचा झाला, मतदार यादीत नाव आलं. त्याने आधी खासदार निवडला, मग आमदार निवडला. ज्याला गल्लीत अडवून ‘पाणी कधी सोडता?’ असं विचारता येईल, तो माणूस निवडायला त्याला एकविसावं वर्ष उजाडावं लागलं.