चेंबूर ते डॉकयार्ड रोड : लेसर, जहाज आणि वेल्डरचा हात

(१/८) हार्बर मार्गावर चेंबूरहून निघालेली लोकल नवव्या स्थानकावर डॉकयार्ड रोडला पोहोचते. चेंबूरच्या शेजारी ट्रॉम्बेचे भाभा अणुसंशोधन केंद्र, तर डॉकयार्ड रोडला माझगाव डॉक. लेसर आणि जहाजबांधणी या दोन विद्या एकाच शहरात इतक्या जवळ नांदत आल्या आहेत.

(२/८) जगातला पहिला लेसर थिओडोर मैमन यांनी १९६० मध्ये अमेरिकेत सिद्ध केला. अवघ्या चार वर्षांनी, १९६४ मध्ये, ट्रॉम्बे येथे गॅलियम आर्सेनाइडचा अर्धवाहक लेसर तयार झाला. तो पोलाद वितळवणारा नव्हता. पण ही विद्या मुंबईला तेव्हापासून परिचित आहे.

(३/८) जहाजाला लेसर कशासाठी? नेहमीच्या आर्क वेल्डिंगमध्ये उष्णता सांध्याभोवती दूरवर पसरते. थंड होताना प्लेट आकसते, वाकते. ती पुन्हा सरळ करण्यात गोदीचे श्रम आणि दिवस खर्ची पडतात.

(४/८) लेसरचा झोत अरुंद आणि खोल जातो. म्हणून प्लेट कमी वाकते. अट एकच : दोन कडांमधील फट अत्यंत सूक्ष्म हवी. ही अट सैल करण्यासाठी लेसर आणि आर्क यांची जोडी लावली जाते. जर्मनीतील पापेनबुर्गच्या मायर वेर्फ्ट गोदीने ती पद्धत प्रवासी जहाजांसाठी रुळवली.

(५/८) मग यंत्र विकत घेतले की झाले? इतिहास तसे सांगत नाही.

(६/८) माझगाव डॉकने जर्मन आराखड्यावर बांधलेली ‘शल्की’ १९९२ मध्ये आणि ‘शंकुल’ १९९४ मध्ये नौदलात दाखल झाली. पाणबुडीच्या दाबसह कवचाचे वेल्डिंग ही अतिशय कठीण कारागिरी. पुढच्या पाणबुड्यांचा करार मात्र २००५ मध्ये झाला. त्यातील पहिली, ‘कलवरी’, २०१७ मध्ये दाखल झाली.

(७/८) अकरा वर्षे नवे काम नसेल, तर वेल्डर निवृत्त होतो आणि त्याच्या हाताखाली शिकणारा कोणी नसतो. लेसरने वेल्डरची गरज संपेल, हा भ्रम आहे. कडा अचूक कापणे, प्लेट नेमकी बसवणे, सदोष सांधा ओळखणे, अडचणीच्या जागी हाताने जोड देणे, हे माणसालाच करावे लागते.

(८/८) म्हणून लेसरयंत्राच्या खरेदीआधी शासनाने गोदीला सलग काम आणि आयटीआयच्या मुलांना त्या कामावर उमेदवारी द्यावी. यंत्र पुन्हा विकत घेता येते. खंडित झालेली कारागिरी पुन्हा पहिल्यापासून शिकावी लागते.