किडक्या धान्याला ‘फुकटचे’ म्हणू नका

रेशनच्या तांदळात अळ्या निघाल्या की दुकानदाराचे उत्तर ठरलेले असते, “फुकट मिळतंय ना, मग निवडून खा.” आमच्या वस्तीतल्या एका आजीला त्याने वर आणखी ऐकवले, “तुमच्या घरातच घाण असेल.” आजी धान्य आणल्याच्या तिसऱ्या दिवशी तक्रार घेऊन गेल्या होत्या. मुकाट्याने परत आल्या.

आधी किड्याचेच बघू. सोंड्याची मादी दाणा पोखरून आत अंडे घालते आणि भोक बुजवून टाकते. अळी दाण्याच्या पोटातच वाढते, वरून दाणा धडधाकट दिसतो. अंड्याचा किडा होऊन बाहेर पडायला उबदार हवेतही जवळपास महिना लागतो. मग महिनाअखेरच्या रिकाम्या, घासलेल्या डब्यात ओतलेल्या तांदळात तीन दिवसांत सोंडे चालायला लागले, ते आजीच्या घरात जन्मले कसे? दाण्याला दाणा चिकटवून जाळी करणारी अळी वेगळी, ती पतंगाची. तसली जाळीची ढेकळे आम्ही दुकानातल्याच पोत्यात पाहिली आहेत.

घरात कीड होतच नाही असे आमचे म्हणणे नाही. 10 बाय 10 च्या खोलीत, ओल्या भिंतीला टेकलेल्या पोत्यात ती होणारच. पण ‘धान्याला ऊन द्या’ असा सल्ला देणाऱ्यांनी वस्तीत गच्ची कुणाकडे आहे तेही सांगावे.

आता ‘फुकट’. 2013 च्या अन्न सुरक्षा कायद्याने प्राधान्य कुटुंबात माणशी 5 किलो, अंत्योदय कुटुंबाला 35 किलो धान्य हा हक्क आहे. जानेवारी 2023 पासून त्याचे पैसे घेणे बंद झाले, म्हणून हक्काची भीक होत नाही. 1927 साली महाडला बाबासाहेबांनी उष्टे आणि मेलेल्या जनावराचे मांस सोडायला सांगितले, तेव्हा आपल्या आज्या-पणज्यांच्या कणग्या काही भरलेल्या नव्हत्या. तरी त्यांनी सोडले. आणि आम्ही? जयंतीच्या डीजेला एका रात्रीत वर्गणी जमते, आजींच्या अर्जावर सही करायला पाच पोरे मिळेनात. ‘कार्ड बंद करतील’ ही भीती खरी आहे, पण ती एकट्याने गेल्यावरची.

मित्रहो, अंगठा लावण्याआधी धान्य हातात घेऊन बघा. किडके असेल तर तिथेच बदलून मागा, फोटो काढा, लेखी तक्रार द्या, पोच घ्या. जिल्हा तक्रार निवारण अधिकारी आणि राज्य अन्न आयोग याच कायद्यात आहेत. सोमवारी आम्ही तहसीलला जातोय. आजी येणार आहेत, तांदळाची पिशवी घेऊन.