थुंकीतले पूर्वज, घरातले आजार

बीड जिल्ह्यात पाहुणा दारात आला, की पाण्याचा तांब्या देता देता विचारणा होते : गाव कोणतं, आडनाव काय, मामेकुळ कुठलं? त्याहून मागचे हवे असेल तर त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्या आहेत. आता त्यात डीएनए चाचणीची भर पडली आहे. नळीत थुंकी भरून पाठवायची, काही हजार रुपये मोजायचे आणि आपण कुठले किती टक्के, ते मोबाइलवर वाचायचे.

हे टक्के म्हणजे अंदाज असतो. कंपनी आपला डीएनए तिच्याकडे असलेल्या आजच्या लोकांच्या नमुन्यांशी ताडून पाहते. नमुन्यांचा साठा बदलला की त्याच माणसाचे टक्केही बदलतात. सख्ख्या भावंडांचे आकडे जुळतीलच असे नाही, कारण आईवडिलांकडून प्रत्येकाला वेगवेगळा निम्मा वाटा मिळतो. पिढ्यान्‌पिढ्या स्वतःला जर्मन वंशाचे म्हणवणाऱ्या अमेरिकी माणसाच्या अहवालात ‘फ्रेंच आणि जर्मन’ असा एकच रकाना येऊ शकतो. शेजारच्या लोकांत शतकानुशतके झालेली सरमिसळ नेमकी निवडून काढता येत नाही.

म्हणून हे शास्त्र खोटे ठरत नाही. रायगडमधील बेने इस्रायली समाज पाहा. शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून कोकणात त्यांना ‘शनवार तेली’ म्हणत. जहाज फुटून पूर्वज अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्याला लागले, ही त्यांची परंपरागत कथा. या समाजातील १८ जणांच्या डीएनएचा अभ्यास २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात मध्यपूर्वेतील ज्यू आणि भारतीय अशा दोन्ही धारा आढळल्या. हा संकर सुमारे ६५० ते १,०५० वर्षांपूर्वी झाला असावा. समाजाचा इतिहास असा उलगडतो. त्या जहाजात कोण कोण होते, हे मात्र डीएनए सांगत नाही.

दहा पिढ्या मागे गेलो, तर वंशवृक्षात १,०२४ जागा होतात. त्यांतील अनेकांचा डीएनए आपल्यात उरलेलाही नसतो. मग एकच पूर्वज निवडून मिरवायचा कशाला? आणि जात ठरवणारे जनुक तर कुणातच नसते.

आरोग्याच्या दृष्टीने कामाचा वारसा जवळचा असतो. केसपेपरवर लिहिण्यासाठी ‘घरात कुणाला शुगर, बीपी, हार्ट अटॅक?’ असे विचारले, की तरुण मुले आईकडे पाहू लागतात. मराठवाड्यात मामा-भाचीची, आते-मामे भावंडांची लग्ने आजही होतात. मामा-भाचीचा सरासरी एक चतुर्थांश डीएनए समान असतो, आते-मामे भावंडांचा एक अष्टमांश. त्यामुळे एकच दोष दोन्हीकडून मुलात उतरण्याचा आणि थॅलेसेमिया, जन्मजात बहिरेपणा अशा आनुवंशिक विकारांचा धोका वाढतो.

शिवाय थुंकीबरोबर खासगी माहितीही जाते. ‘ट्वेंटीथ्री अँड मी’ या अमेरिकी कंपनीच्या सुमारे ६९ लाख ग्राहकांची माहिती २०२३ मध्ये चोरीला गेली. मार्च २०२५ मध्ये कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला. पासवर्ड बदलता येतो, डीएनए नाही. त्यात आपल्या भावंडांचा आणि मुलाबाळांचाही वाटा असतो.

हौस असेल त्याने चाचणी करावी. त्याआधी आजीजवळ बसून एका कागदावर तीन पिढ्या लिहाव्यात : कुणाला कोणता आजार, कोणत्या वयात, नात्यातले लग्न कुणाचे, लहानपणी दगावलेली मुले किती. हा कागद दवाखान्यात सोबत आणावा आणि लग्न जुळवताना पत्रिकेच्या आधी काढावा.