बी.ए.च्या जोडीला संगणक : व्यापाऱ्यांनीच आग्रह धरावा

बारावीचा निकाल लागला की तेलगाव, माजलगाव, धारूर, वडवणी या भागातील आपली अनेक मुले-मुली कला शाखेकडे वळतात. उर्दू शाळेतून आलेल्यांचा ओढा तर तिकडे अधिकच. उर्दू, इतिहास, राज्यशास्त्र घेऊन बी.ए. करायचे, शिक्षकाच्या जागेची वाट पाहायची आणि ती मिळाली नाही की वडिलांच्या दुकानात कापड मापायला बसायचे, हा क्रम आम्ही वर्षानुवर्षे पाहत आहोत. नुसत्या बी.ए.वर आता घर चालत नाही, ही गोष्ट बिरादरीने स्पष्टपणे मान्य केली पाहिजे.

यावर एक वाट निघाली आहे. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० प्रमाणे राज्यातील संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५ पासून नवी रचना आली. तीत मुख्य विषयाबरोबर दुसरा, म्हणजे मायनर विषय घ्यावा लागतो आणि तो दुसऱ्या शाखेचाही असू शकतो. उर्दू किंवा इतिहास मुख्य ठेवून संगणक उपयोजन दुसरा विषय घेण्यास धोरणाची आडकाठी नाही. शिवाय २०२२ पासून विद्यापीठ अनुदान आयोगाने एकाच वेळी दोन पदव्या करण्यास परवानगी दिली आहे. एक महाविद्यालयात जाऊन, दुसरी मुक्त विद्यापीठातून, असेही करता येते.

आमचे काही व्यापारी बांधव म्हणतात, "पोरगा तीन महिन्यांत टॅली शिकतो, मग तीन वर्षे कशाला?" याचे उत्तर दुकानातच आहे. बिल फाडण्यापुरती टॅली तीन महिन्यांत येते. पण कोणते ठाण किती दिवस पडून आहे, कोणत्या गावची उधारी वाढते आहे, ईदच्या आणि लग्नसराईच्या खरेदीचा अंदाज काय, हे मालाच्या नोंदींतून काढायला वेगळे शिक्षण लागते. १ जुलै २०१७ ला जी.एस.टी. आला. सुरतेहून पन्नास हजारांवरचा माल निघाला की ई-वे बिल हवे. २२ सप्टेंबर २०२५ पासून अडीच हजारांपर्यंतच्या तयार कपड्याला ५ टक्के आणि त्यावरच्याला १८ टक्के कर झाला. दर बदलला की ज्याला फक्त बटणे पाठ आहेत तो अडतो. ज्याला हिशेबामागची रचना समजते तो निभावून नेतो.

आता दुसरी बाजू. संगणकासाठी उर्दू सोडावी, असे आमचे म्हणणे मुळीच नाही. मराठवाडा १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता आणि येथील जुने महसुली दप्तर उर्दूत व मोडीत आहे. २०२३ मध्ये न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीच्या कामासाठी कुणबी नोंदी शोधताना ही लिपी वाचणाऱ्यांची गरज पडली. कागद वाचणारा आणि तोच संगणकावर नीट नोंदवणारा माणूस आपल्या घरांतून सहज तयार होऊ शकतो. राष्ट्रीय उर्दू भाषा विकास परिषदेने संगणक, व्यापारी हिशेब आणि बहुभाषिक डी.टी.पी. यांचा एक वर्षाचा अभ्यासक्रम चालविला, त्यामागचा विचारही हाच होता.

अडचण एवढीच की, कागदावरची निवड प्रत्यक्षात मिळेलच असे नाही. लहान गावच्या महाविद्यालयात ज्या विषयाचा शिक्षक आहे तोच मायनर विद्यार्थ्याच्या माथी बसतो. संगणकांची संख्या कमी, वीज जाते, हे सर्वांना ठाऊक आहे. म्हणून प्रवेश सुरू होण्यापूर्वीच कापड, किराणा, शिलाई, गॅरेज अशा सर्व धंद्यांतील दहा-पंधरा पालकांनी मिळून प्राचार्यांना भेटावे. संगणक विषय द्या, आम्ही इतकी मुले देतो, असे लेखी सांगावे. एकट्याचा अर्ज फाइलमध्ये पडून राहतो, पण वीस प्रवेशांची हमी कोणतेही महाविद्यालय सहजासहजी नाकारत नाही. तेलगावहून रोज बसने जाणाऱ्या मुलींसाठी प्रॅक्टिकलचा तास सकाळी ठेवावा, हेही त्याच वेळी मागावे. ज्यांची ऐपत आहे त्यांनी दुकानातील जुना संगणक भंगारात न घालता मोहल्ल्याच्या वाचनालयाला द्यावा.

सूरे बकराच्या २८२ व्या आयतीत मुदतीचे देणे-घेणे लिहून ठेवण्याचा आणि लिहिणाऱ्याने इन्साफाने लिहिण्याचा हुकूम आहे. आपल्या वडीलधाऱ्यांनी तो वहीवर पाळला. आज वही पडद्यावर गेली आहे. ती लिहिणारा आपल्याच घरातला असावा की परका, हे या जूनमध्ये ठरवायचे आहे.